बिनशेपटीचा हत्ती

बावीस वर्षांत मी सिंह शेकड्याने विकले, हत्ती किती गेले ते सांगता यायचं नाही, पण गेंडा एकच गेला आणि तोही चौथ्या दिवशी परत आला. नेणाऱ्या गृहस्थांनी तो आपल्या साहेबांना निवृत्तीची आठवण म्हणून दिला होता. साहेबांच्या बायकोने कागद फाडला, गेंड्याकडे पाहिलं, मग साहेबांकडे पाहिलं आणि म्हणाली, "अय्या, हा तुमचा कधी काढला?" बिचारे गृहस्थ गेंडा काखोटीला मारून माझ्याकडे आले आणि बदल्यात झेब्रे घेऊन गेले.

विरार पूर्वेला मनवेलपाड्यात माझं फोटो फ्रेमचं दुकान होतं. आता त्या गाळ्यात मोबाईलची कव्हरं मिळतात. माझे वडील लालबागला देवांच्या तसबिरी मढवायचे, त्यांच्याच हाताखाली मी काच कापायला शिकले. लग्न होऊन विरारला आले, ह्यांची नोकरी मुंबईला, दिवसभर घरात बसून भिंती किती बघायच्या? बिल्डिंगच्या खालीच गाळा घेतला. बाई काच कापते हे पाहायला सुरुवातीला माणसं रस्त्यावर थांबायची. एकाने तर "हात कापला तर काय कराल?" असंही विचारलं. मी म्हटलं, "तुमच्या फ्रेमला लाल बॉर्डर करीन." तो पुढे माझं कायमचं गिऱ्हाईक झाला. सगळ्या मनवेलपाड्याची मी 'वहिनी' झाले ती अशी.

आता तुम्ही विचाराल, विरारमध्ये आफ्रिकेतली जनावरं कुठून आली? वास्तुशांतीतून आली. नव्वदच्या दशकात आमच्याकडे बिल्डिंगा अशा उगवत होत्या की पोस्टमनसुद्धा रस्ता विचारायचा. दर रविवारी कुणाची ना कुणाची वास्तुशांत. भेट काय द्यायची? स्टीलचे डबे घरोघरी होते. देवाची तसबीर द्यायची पंचाईत, कारण प्रत्येकाचा देव ठरलेला आणि नको असलेला देव माळ्यावर टाकता येत नाही. मग उरली 'सीनरी'. मुंबईच्या घाऊक बाजारातून मी पोस्टरं आणायची: धबधबे, बर्फाचे डोंगर, धावणारे घोडे आणि आफ्रिकेतली जनावरं. ज्यांनी आयुष्यात तुंगारेश्वरच्या माकडांपलीकडे काही पाहिलं नव्हतं, त्यांच्या हॉलमध्ये सिंहाचं अख्खं कुटुंब जांभया देत बसलेलं असायचं.

गिऱ्हाईकांच्या एकेक तऱ्हा. एका आईने मुलाची उंची वाढावी म्हणून त्याच्या पलंगासमोर जिराफ लावला. वर्षभराने मी चौकशी केली तर म्हणाली, "उंची तेवढीच आहे हो, पण मान जरा लांबल्यासारखी वाटते." एकाला पाणघोडा फार आवडला होता, पण घरात पाणीच येत नाही, तो चेष्टा करतोय असं वाटेल म्हणून त्याने नेला नाही. हत्ती मात्र सगळ्यांना हवा आणि तो सोंड वर केलेलाच हवा, खाली सोंड म्हणजे लक्ष्मी गळते म्हणे. घाऊकवाल्याकडे सोंड वर केलेला हत्ती एकच होता. त्यामुळे निम्म्या विरारच्या भिंतींवर तोच एक हत्ती सोंड उंचावून उभा होता आणि प्रत्येकाला वाटायचं, हा आपल्याच घरचा.

थोडं कामाबद्दल सांगते, म्हणजे पुढचं कळेल. फ्रेम म्हणजे चार पट्ट्या, पुढे काच, मागे हार्डबोर्ड. फोटो आणि पट्टी यांच्यामध्ये जी पुठ्ठ्याची चौकट असते तिला आम्ही माउंट म्हणतो. माउंट ही मोठी सोयीची वस्तू आहे. एक शाकाहारी गृहस्थ सिंह घेऊन आले होते, पण सिंहाच्या पायाखाली हरीण होतं. "वहिनी, एवढं हरीण काढता येईल का? आमच्याकडे चालत नाही." मी माउंट दोन बोटं वर घेतला, हरीण गायब. सिंह पोट भरल्यासारखा समाधानी दिसायला लागला. याला मी 'फोटो साफ करणं' म्हणायची. लग्नाच्या फोटोतला कडेचा वेटर, सहलीच्या फोटोतला न आवडणारा दीर, असं काय काय मी साफ केलं आहे. कधी माउंटखाली झाकायचं, कधी माउंट पुरला नाही तर ब्लेडने सरळ कापायचं. कापलेली पट्टी मात्र फेकायची नाही, ही वडिलांची शिकवण. काच आणि लाकूड यांच्यात फट राहिली की फोटो आत खुळखुळतो, तिथे अशा पट्ट्या दुमडून ठासायच्या. माझ्या कौशल्याचा मला फार अभिमान होता. फोटोत काय हवं आणि काय नको हे मला गिऱ्हाइकापेक्षा जास्त कळतं, अशी माझी समजूत होती.

एका मे महिन्यात होळीहून पास्कूकाका आले. होळी म्हणजे सण नव्हे, वसईतलं बागायतीचं गाव आहे. साठीचा उंच माणूस, हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेला मोठा फोटो. तरुणपणी ते केनियात रस्ते बांधणाऱ्या एका कंपनीत मेकॅनिक होते. पुढे परत येऊन केळी आणि भाजीची वाडी करत होते. त्यांनी स्वतः काढलेला तो फोटो रंग उडून विटकरी झाला होता. मधोमध एक अवाढव्य हत्ती, सोंड खाली, एक दात मोडलेला.

"पोरीचं लगीन हाय, जुडिथचं," ते म्हणाले. "तिला द्यायचाय. याची निगेटिव्ह नाय आता, हा एकच. तुमी बाईमानूस, जपून करशाल म्हनून इतक्या लांब आलो."

मी म्हटलं, निर्धास्त राहा.

त्या आठवड्यात माझ्याकडे वास्तुशांतीचे अकरा हत्ती होते. पास्कूकाकांचा बारावा. सगळे मढवले, सगळे एकाच लाल चमकीच्या कागदात बांधले आणि वर नावाच्या चिठ्ठ्या लावल्या. चिठ्ठ्या लावताना नेमकी शेजारीण बोलत बसली होती. पुढचं तुम्ही ओळखलंच असेल.

काकांनी ते पुडकं मुलीला दिसू नये म्हणून आठ दिवस कपाटावर ठेवलं होतं. नवव्या दिवशी ते दुकानात उभे.

"वहिनी, हा माजा हत्ती नाय."

मी नेहमीच्या सवयीने म्हटलं, "काका, काचेमुळे वेगळा दिसतो."

"काचेमुळं दुसरा दात फुटला का?"

पुडक्यात सोंड वर केलेला, दोन्ही दात शाबूत असलेला, निम्म्या विरारचा हत्ती होता. मी हसत म्हटलं, बदली झालीय, शोधून देते, काळजी करू नका. मग ते जरा घुटमळले आणि म्हणाले, "फोटोच्या काठाला बाई होती, पाह्यली ना तुमी?"

पाहिली होती. उजव्या काठाला, हत्तीच्या शेपटीपाशी, एक कोपर आणि फुलाफुलांच्या फ्रॉकचा सुटलेला घेर. डोकं नाही, पाय नाहीत. मला वाटलं होतं, कुणीतरी जाडी बाई मध्ये कडमडली आहे.

"ती माजी आग्नेस," काका म्हणाले. "मी हत्ती बघत होतो, ती कोपराने मला मागं ढकलत होती, जीपमदे चला म्हनून. सातवा महिना होता. पोटात जुडिथ. पोरगी झाली त्याच दिवशी आग्नेस गेली. दोगींचा एकत्र असा तो एकच फोटो हाय. लग्नाचा फोटो हाय आमचा, पन त्यात पोरगी नाय ना. म्हनून हा द्यायचाय."

मी तो फोटो साफ केला होता. एवढं मला नक्की आठवत होतं. झाकला होता की कापला होता, ते काही केल्या आठवेना. बारा हत्तींच्या गर्दीत एका बाईचं मी काय केलं, हे मला माहीत नव्हतं. काकांना खरं सांगायची तेव्हा हिंमत झाली नाही, हे आज उघड सांगते. मी फक्त म्हटलं, "लग्नाच्या आत आणून देते." लग्नाला दहा दिवस होते.

काकांच्या हत्तीवर चुकून सावंतांची चिठ्ठी लागली होती. ते माझ्याच बिल्डिंगमधले. सावंतांनी पुडकं न उघडता नायगावच्या जूचंद्रला, ऑफिसातल्या रेग्यांच्या वास्तुशांतीला दिलेलं. मी आणि काका जूचंद्रला गेलो. रेगेबाईंच्या हॉलमध्ये तीन हत्ती लावलेले, तिन्ही तेच, सोंड वर. बाईंनी कौतुकाने विचारलं, "छान दिसतात ना ओळीने?" मी म्हटलं, हो, परेड चालल्यासारखे.

"एक जुनाट आला होता," त्या म्हणाल्या. "लालसर, सोंड खाली, एक दात तुटका. म्हटलं, नव्या घरात असलं अपशकुनी नको."

"मग काय केलंत?"

"नणंदेला दिला."

हे त्या इतक्या सहज बोलल्या की काकासुद्धा हसले. नणंद कुठे राहते विचारलं तर मनवेलपाड्यात, माझ्या दुकानाच्या मागच्या बिल्डिंगमध्ये. म्हणजे हत्ती विरारहून जूचंद्रला जाऊन परत माझ्या दुकानामागे येऊन उभा राहिला होता आणि आम्ही त्याला शोधत नायगाव पालथं घालत होतो.

नणंद रेगेबाईंपेक्षा हुशार. तिने कागदाची कड उचलून पाहिलं, काय आलंय ते ओळखलं आणि फ्रेम खाली पंपाच्या खोलीबाहेर ठेवून दिली, कुणी नेली तर बरं म्हणून. त्या बिल्डिंगला सतरा दिवस पाणी नव्हतं. टँकरवर चाललं होतं. हत्ती ठेवल्यावर तासाभरात नळाला पाणी आलं.

आम्ही पोचलो तेव्हा हत्तीला पंपाच्या खोलीच्या दारावर लावलं होतं. गळ्यात झेंडूचा हार, काचेवर कुंकू, समोर उदबत्ती. बाजूच्या फळ्यावर खडूने लिहिलेलं: 'चपला लांब काढाव्यात.'

सोसायटीचे सेक्रेटरी धुरी बनियनवर बाहेर आले. मी सगळी हकिकत सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाले, "वहिनी, दात किती आहेत त्याला?"

"एक."

"गणपतीला किती?"

"अहो, पण हा केनियाचा आहे!"

"देव कुठूनही येतो."

काका म्हणाले, "देव कसला? भांडकुदळ होता तो. दुसऱ्या हत्तीशी मारामारी करून दात मोडलेला त्याने."

"बघा," धुरी म्हणाले, "तुम्हालाच त्याची कथा माहीत आहे. म्हणजे काहीतरी आहे."

मी विनवणी केली की निदान फ्रेम दोन मिनिटं उघडू द्या. ते म्हणाले, पाणी सुरू असताना हात लावायचा नाही. आणि मोटरच्या कामाला एकटा सेक्रेटरी हात घालत नाही, तिथे हा तर हत्ती, विषय सर्वसाधारण सभेत घ्यावा लागेल. सभा रविवारी. लग्न त्यानंतर तिसऱ्या दिवशी.

त्या दिवशी मी काचेतून हत्ती नीट पाहिला. त्याला शेपूट नव्हतं. म्हणजे शेपटी आणि आग्नेस दोघी माउंटखाली होत्या, नाहीतर ब्लेडखाली गेल्या होत्या. रविवारपर्यंत मला जेवण गेलं नाही. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "नव्याण्णव टक्के झाकलीच असशील." मीही स्वतःला तेच सांगत होते, पण माझा हात मला ठाऊक होता. घाईत मी झाकत नाही, कापते.

सभेला झाली तेवढी गर्दी बिल्डरविरुद्धच्या सभेलाही झाली नव्हती. खुर्च्या पंपाच्या खोलीसमोर मांडल्या होत्या. काका टोपी मांडीवर ठेवून पहिल्या रांगेत बसले होते. विषय क्रमांक एक: हत्ती परत देणे अथवा न देणे.

"हत्ती गेला आणि पाणी गेलं तर जबाबदार कोण?" पहिलाच प्रश्न.

मी म्हटलं, दुसरा हत्ती देते, मोठा, सोंड वर केलेला, फुकट. एक बाई म्हणाल्या, "तो आमच्या घरी चार वर्षं आहे. त्याच्याने पाणी आलं नाही." यावर सगळ्यांनी माना डोलावल्या, कारण तो सगळ्यांच्याच घरी होता. दुसऱ्या मजल्यावरच्यांनी सुचवलं, काकांना झेरॉक्स काढून द्यावी. तिसऱ्यावरच्यांनी विचारलं, झेरॉक्स खाली लावून मूळ हत्ती दिला तर पाणी निम्मं येईल का? धुरी हे सगळं इतिवृत्तात लिहून घेत होते.

मग काका उभे राहिले. त्यांना भाषण येत नव्हतं. जे मला सांगितलं तेच त्यांनी सांगितलं: आग्नेस, सातवा महिना, कोपर, जुडिथ. तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, "पण फोटोत बाई कुठाय?"

सगळ्यांनी हत्तीकडे पाहिलं. काकाही पुढे झाले, चष्मा वर करून त्यांनी उजवा काठ बघितला, मग डावा आणि मग माझ्याकडे वळले. त्या नजरेत राग नव्हता, नुसता प्रश्न होता. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

"काका," मी म्हटलं, "मी तो काठ झाकला, नाहीतर कापला. मला वाटलं, कुणी मध्ये आलंय. मला आठवत नाही. त्या दिवशीच सांगायला हवं होतं, घाबरले."

धुरींनी लिहायचं थांबवलं. मग स्वतःच स्टुलावर चढून हार काढला आणि हत्ती खाली घेतला. सभेची परवानगी कुणी विचारली नाही.

मी पिशवीतून पक्कड काढली. मागचा कागद फाडला, खिळे उपटले, हार्डबोर्ड बाजूला केला. माउंट उचलला. खाली फोटोचा काठ होता, ब्लेडने कापलेला, सरळ. इतका सरळ काठ मी आयुष्यात कापला नसेल.

मला रडू यायला लागलं होतं. तरी सवयीने माझी बोटं पट्टीच्या खाचेत गेली, कारण फ्रेम उघडली की आतले तुकडे काढायचेच. एक तुकडा राखाडी पुठ्ठ्याचा निघाला. एक कुठल्याशा सिंहाच्या गवताचा. तिसरा उभा दुमडून चांगला ठासलेला होता, निघेना. नखाने ओढला, उलगडला, तर आत फुलं होती.

फुलाफुलांचा फ्रॉक, त्याचा घेर, एक कोपर आणि कडेला हत्तीच्या शेपटीचा गोंडा. मधोमध वरपासून खालपर्यंत घडीची पांढरी रेघ. मी ती पट्टी काकांच्या तळहातावर ठेवली. ते ती घेऊन पंपाच्या खोलीच्या पायरीवर बसले.

धुरी म्हणाले, "काका, हत्ती न्या. पाण्याचं आम्ही बघू."

काकांनी मान हलवली. "हत्ती ठेवा तुमाला. माजी मानसं मिळाली." मग जरा थांबून म्हणाले, "आनि त्या दिवशी आमचं पानी संपलेलं. तो गेला त्या वाटेने जीप घातली, तर तळं लागलं. खोटं कशाला बोलू?"

सभेत टाळ्या पडल्या. धुरींनी ते लगेच इतिवृत्तात लिहिलं आणि काकांची सही घेतली.

हत्ती पुन्हा दारावर चढला. आठवड्याने पाण्याचा जोर कमी झाला, तेव्हा धुरी दुकानात येऊन दबक्या आवाजात विचारून गेले की माउंटवर रंगाने शेपूट काढून मिळेल का. मी काढून दिलं. पाण्यात फरक पडला नाही, पण बिल्डिंगचं समाधान झालं.

लग्नाआधी मी ती पट्टी काचेखाली दाबून दोन दिवस ठेवली. घडीची रेघ गेली नाही, ती जायची नव्हतीच. मग तिच्यासाठी फ्रेम केली, माझ्या हातून झालेली सगळ्यात अरुंद फ्रेम, चार बोटं रुंद आणि हातभर लांब. माउंट घातला नाही. एक केसभरही काठ झाकायचा नव्हता. त्यानंतर मी कुणाचाही फोटो साफ केला नाही. वेटर वेटरच्या जागी राहिले, दीर दिरांच्या. गिऱ्हाईकं कुरकुरली, काही दुसरीकडे गेली.

लग्नाला मला आणि ह्यांना आमंत्रण होतं. होळीला काकांच्या वाडीतच मांडव होता. भेटींच्या टेबलावर मिक्सर, डिनर सेट, घड्याळं होती आणि लाल चमकीच्या कागदात ओळखीच्या आकाराची चार पुडकी. त्यांत काय असणार हे मी उघडल्याशिवाय सांगितलं असतं. त्या सगळ्यांना टेकून ती अरुंद फ्रेम उभी होती.

नवऱ्याकडची एक म्हातारी ती उचलून उलटसुलट करून पाहत होती. तिला त्यात काही सापडेना. "काय गो हे?" तिने जुडिथला विचारलं. "कापडाचा तुकडा हाय का?"

जुडिथने पांढरा हातमोजा काढला आणि काचेवर बोट ठेवलं. कोपरावर ठेवून म्हणाली, "ही मम्मी." मग बोट खाली सरकवून, फ्रॉकच्या घेरावर, बरोबर घडीच्या रेघेवर, ते तिथेच ठेवून म्हणाली, "आनि ही मी."